माहेर बंद करणारे सर

सरांना नावं ठेवलेली नगरमध्ये खपत नाहीत. एका लग्नात पंगतीला बसले असताना मी सहज बोलून गेले की मला तो माणूस आवडत नाही, तर शेजारच्या अनोळखी बाईने हातातली जिलबी परत पानात ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. तिचा मुलगा सरांच्या हाताखालून गेला होता म्हणे. सरांनी त्याला माणसात आणलं. आणलं असेल. सरांनी माणसात आणलेली बरीच माणसं या गावात आहेत आणि ती सगळी धडधाकट आहेत. माझा उजवा गुडघा मात्र जिना उतरताना करकरतो, आणि तो करकरला की मला सरांची आठवण येते. आमच्या कचेरीला लिफ्ट नाही, त्यामुळे आठवण रोज येते.

सर म्हणजे देवळाली प्रवरेकडच्या एका शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे मास्तर. निवृत्तीनंतर केडगावात घर बांधून राहिले आणि दर रविवारी सकाळी पाचपंचवीस माणसं सायकलवर घालून कुठे ना कुठे नेऊ लागले. बुटके, काटक, सत्तरीचे. थंडीत हाफ पँट आणि भर मे महिन्यात कानटोपी. कानटोपी कशाला, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "कान झाकले का लोकांचं आयकू येत न्हाई. चढावर लोकांचं आयकलं का मानूस उतरतो." गळ्यात शिट्टी. शाळा सुटली पण शिट्टी सुटली नाही, असं त्यांच्या मागे सगळे हसून म्हणायचे. मीही म्हणायचे.

आणि त्यांची सायकल! काळी, जुनी, सरळ हँडलची, चेनवर पूर्ण बंद पत्र्याचं कव्हर, गियर वगैरे काही नाही. दूधवाल्याकडे असते तशी. त्या सायकलवर बसून हा माणूस चांदबिबीच्या डोंगरावर चढायचा आणि महागड्या गियरच्या सायकली घेतलेली तरणी पोरं मागे धापा टाकत राहायची. ही गोष्ट मी नगरमध्ये इतक्यांच्या तोंडून ऐकली होती की सरांना बघायच्या आधीच माझा त्यांच्यावर विश्वास बसला होता. विश्वास असाच बसतो, आणि मग उठता उठत नाही.

मी सायकल घेतली ती साखरेमुळे. रिपोर्ट काठावर आला होता. घरात सगळ्यांना वाटलं, चार दिवस फिरवेल आणि मग गच्चीवर तिच्यावर गोधड्या वाळत पडतील. माझं वय पंचेचाळिशी ओलांडलेलं. लग्नानंतर मी स्वतःसाठी म्हणून घेतलेली ती पहिली वस्तू होती, जिचा घरातल्या कुणालाच काही उपयोग नव्हता. गियरच्या चकत्या पुढे एक, मागे सात. दुकानदाराने चालवायची कशी ते सांगितलं नाही, फक्त "बटण दाबत राहा मॅडम, कळेल" म्हणाला. ते बटण घेऊन मी एका रविवारी माळीवाडा वेशीपाशी उभी राहिले.

सरांनी मला नाव विचारलं नाही. सायकलभोवती एक चक्कर मारली, खिशातून बारका स्क्रूड्रायव्हर काढला, मागच्या चाकाशी खाली बसले आणि काहीतरी पिळलं. उठताना म्हणाले, "झालं. माहेर बंद."

सगळे हसले. मला कळेना. मग शेठ पुढे आले. शेठ म्हणजे मार्केट यार्डातले कांद्याचे आडते, सरांचे पट्टशिष्य, गडगडाटी आवाजाचे. त्यांनी मला समजावलं. मागच्या सात चकत्यांतल्या मोठ्या तीन म्हणजे माहेर. चेन तिथे गेली की पायडल हलकं होतं. "चढ आला का मानूस लगेच माहेरी पळतं, मॅडम. मंग सासरी नांदनार कधी? म्हनून सर नव्या मानसाचं माहेर बंद करत्यात." चेन ढकलणाऱ्या पट्टीला एक स्क्रू असतो, तो आत पिळला की चेन त्या तीन चकत्यांवर चढतच नाही. इतकं साधं.

बायकांनाच असं म्हणायचे असं नाही. पुरुषांनाही तेच. कोणी चढावर गियर हलका केला की त्या कानटोपीतून सरांना खट्ट आवाज बरोबर ऐकू जायचा. माणसांचं ऐकू येत नसे, गियरचं येई. शिट्टी वाजायची आणि मागून आरोळी, "निघाले, शेठ माहेरी निघाले! साडीचोळी करा रे!" अख्खा घाट हसायचा. मी हसायचे. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. कचेरीत मला सगळे मॅडम म्हणत आणि कुणी थट्टा करत नसे. इथे कोणीतरी मला पुरुषांच्या बरोबरीने चिडवत होतं.

सरांचं म्हणणं फार सोपं होतं. "गियर म्हंजे लाड. लाडानं पोर नासतं तसा पाय नासतो." दुसरं म्हणणं, "दोष सायकलीत नसतोय, बुडात असतोय." आणि तिसरं, जे ग्रुपचा कायदाच होता: चढावर कोणी कोणासाठी थांबायचं नाही. ज्याला उतरायचं त्याने उतरावं, सायकल हातात धरून वर यावं, बाकीच्यांनी बघायचंसुद्धा नाही. "तुमी थांबला का तो उतरायला शिकतो," असं सर म्हणायचे.

आमच्या ग्रुपात एक रीत होती. चांदबिबीच्या पायथ्यापासून वरच्या महालापर्यंत पाय खाली न टेकता जो पहिल्यांदा चढेल त्याच्यासाठी वर सगळ्यांनी मिळून घंट्या वाजवायच्या. तोपर्यंत तो माणूस 'उमेदवार'. सर उमेदवाराला नावाने हाक मारत नसत. माझ्यानंतर आलेले उमेदवार सरांच्या तोंडी नावाने नांदू लागले आणि मी मात्र, "उमेदवार, पानी प्या", "उमेदवार, पुढच्या रविवारी बघू." पायथा सोडला की पहिलं वळण बरं जायचं. दुसऱ्या वळणावर पायडल जड व्हायचं, इतकं जड की उभं राहून सगळं अंग त्याच्यावर टाकावं लागे, आणि तिसऱ्या वळणाआधी एक कडुलिंब आहे तिथे गुडघ्यात कळ येऊन माझा पाय जमिनीला लागायचा. दर वेळी तिथेच. माझ्या शेजारून माणसं निघून जायची, नियमाप्रमाणे न बघता. मी सायकल ढकलत वर पोचेपर्यंत त्यांचे शेंगदाणे आणि गूळ खाऊन झालेले असायचे.

कोणी म्हणेल, बाई, एक स्क्रू उलटा फिरवायला काय झालं होतं? घरात स्क्रूड्रायव्हर नव्हता का? होता. पण दर रविवारी वेशीपाशी सर मागचं चाक उचलून बटण दाबून बघायचे. आणि ते नसते बघत, तरी मी फिरवला नसता. एकादशी धरलेली बाई अंधारात जाऊन भाकरी खात नाही. मला तो डोंगर त्यांच्या अटीवर चढायचा होता, कारण त्या अटीवर ते स्वतः चढत होते. सत्तरीचा माणूस बिगरगियरच्या सायकलवर चढतो आणि मला सातातल्या चार चकत्या पुरत नाहीत म्हणजे कमी माझ्यातच आहे, हा हिशोब मी रोज रात्री गुडघ्याला मलम चोळताना करायचे. या हिशोबाचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो. गुडघ्याहूनही जास्त.

माणूस वाईट होता का? तेच तर नाही. वाईट असता तर बरं झालं असतं. एकदा भिंगारच्या उतारावर खडीवरून माझं चाक घसरलं आणि मी चांगली सडकून आपटले. कोपर फुटलं. बाकीचे घाबरून नुसते उभे राहिले. सरांनी खांद्यावरचा पंचा टर्रकन फाडला, कोपर बांधलं, मला रिक्षात बसवलं आणि स्वतःच्या सायकलवर बसून एका हाताने माझी सायकल शेजारी चालवत सावेडीपर्यंत आणून दारात उभी केली. घरात आले नाहीत, चहा घेतला नाही. संध्याकाळी फोन आला. "हाड बिड न्हाई ना मोडलं? मंग झ्याक. पडलेलं चालतंय, उतरलेलं न्हाई." त्या दिवशी मला वाटलं होतं की या माणसासाठी मी काय वाटेल ते करीन. आणि केलंच की.

शेवटी हाडाच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी गुडघा वाकवला, सरळ केला, आवाज ऐकला. मग विचारलं, "सायकल चालवता? चढ चढता? मग चढावर हलका गियर घेत नाही का?"

"तो बंद केलाय," मी म्हणाले.

"बिघडलाय?"

"नाही. बंद केलाय. आमच्या सरांनी."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. शिकलेली बाई दिसते, असं काहीतरी त्यांच्या तोंडावर होतं. मग एखाद्या लहान पोरीला सांगावं तसं त्यांनी मला सांगितलं की नवीन माणसाने चढावर सगळ्यात मोठ्या चकतीवर जायचं असतं. आधीच जायचं, दम संपल्यावर नाही. पाय भराभर फिरू द्यायचे, वेग गेला तर जाऊ द्यायचा. जोर लावून ढकललं की सगळा भार गुडघ्याच्या वाटीवर येतो. "ते गियर तुमच्यासाठीच बनवलेत हो," ते म्हणाले. "पैलवानासाठी नाही बनवलेले."

हे मी सरांना सांगितलं. एकांतात सांगितलं, मान राखून. त्यांनी कानटोपी नीट केली. "डाक्टर चांदबिबी चढलाय का कधी?" एवढंच विचारलं आणि चाक उचलून बटण दाबून बघितलं.

यानंतर कोल्हारची फेरी आली. जाताना सायकल आणि येताना शेठच्या कांद्याच्या टेम्पोत सायकली टाकून परत, असं ठरलं होतं. विळदचा उतार संपला की पुढे सरळ रस्ता, दोन्ही बाजूला ऊस, म्हणून मीही निघाले. गुडघ्यामुळे मी सगळ्यांच्या मागे पडले होते. राहुरी मागे टाकल्यावर शेठ आणि बाकीची मंडळी पुढे दिसेनाशी झाली आणि रस्त्याच्या कडेला चिंचेखाली सर एकटे बसलेले दिसले. त्यांची चेन उतरली होती. त्यांनी सगळ्यांना "पुढं व्हा, पुढं व्हा" म्हणून पिटाळलं असणार, कारण एरवी कोणाचं काही बिघडलं की सर सगळ्यांना गोल उभं करून धडा द्यायचे. मी येतेय हे त्यांनी बघितलं नव्हतं. पत्र्याचं कव्हर काढून गवतावर ठेवलेलं होतं.

मी सायकल लावली आणि मदतीला म्हणून वाकले. आणि बघितलं.

मागची चकती बशीएवढी होती. दूधवाल्याच्या सायकलला असते ती बरणीच्या झाकणाएवढी. ही माझ्या सायकलच्या सगळ्यात मोठ्या चकतीच्या तोडीची, आणि पुढची चकती लहान, लेकरांच्या सायकलची असावी अशी. डॉक्टरांचं बोलणं कानात ताजं होतं, त्यामुळे मला काही मोजावं लागलं नाही. सरांच्या सायकलला गियर नव्हते हे खरंच होतं. त्यांना बदलायची गरजच नव्हती. ते रात्रंदिवस माहेरीच राहत होते आणि वरून पत्रा लावला होता.

सरांनी माझ्याकडे वर बघितलं आणि हातातला पंचा त्या चकतीवर टाकला. अंघोळीच्या वेळी कोणी दार ढकलावं तसं झालं. 

"काय बघताय?" ते म्हणाले. "वय झालंय माझं. शरीराला सोय लागती."

"कधीपासून आहे ही?"

"लई वर्सं झाली." मग आवाज चढवून, "चढतो तर मीच ना? का चकती चढती?"

"आणि माझा गुडघा, सर?"

मला वाटलं होतं आता तरी हा माणूस खाली बघेल. त्यांनी बघितलं नाही. म्हणाले, "तुमचा गुडघा कच्चा न्हाई, मॅडम. तुमचं मन कच्चं हाय."

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं म्हणतात ते हे.  त्यांची चेन मीच चढवली आणि पत्रा त्यांनी लावला. कोल्हारला प्रवरेच्या पुलावर सगळे फोटो काढत होते. सर मधोमध उभे, काळ्या सायकलवर हात ठेवून. फोटो मीच काढला.

घरी आल्यावर मी पुष्कळ विचार केला. सांगून टाकावं का सगळ्यांना? शेठ म्हणाले असते, तुम्हाला चढता येत नाही म्हणून जळता. दुसरं असं की, मला सरांची फजिती नको होती. मला एकच पाहिजे होतं. त्यांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं की मॅडम, तुमच्यात कमी नव्हतं. त्यासाठी दोन रविवार वाट बघितली. फोन वाजला नाही. मग तिसऱ्या रविवारी गेले.

त्या दिवसाबद्दल ग्रुपात आता असं सांगतात की सरांना आदल्या रात्री ताप होता आणि मॅडमनी म्हाताऱ्या माणसाला भर चढावर खाली पाहायला लावलं. ताप वगैरे काही नव्हता.

चांदबिबीच्या पायथ्याशी सर माझं चाक उचलायला आले. "माहेर बंद हाय ना?"

"आहे," मी म्हणाले. "सर, आज मला तुमची सायकल द्या. तुम्ही माझी घ्या."

शेठ खो खो हसले. "मॅडम, ती बिगरगियरची हाय. तुमाला पायडल बी हालायचं न्हाई!"

"न हलू दे," मी म्हणाले. "सरच म्हणतात ना, दोष सायकलीत नसतो."

सगळे सरांकडे बघू लागले. गंमतच वाटत होती सगळ्यांना. सरांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या डोळ्यांत विनंती होती. मी ती बघितली.  ते एवढंच म्हणाले असते, नको मॅडम, तुमचं बरोबर आहे, तर मी तिथून तशीच घरी परत गेले असते. पण शिष्य बघत होते. त्यांनी कानटोपी काढून खिशात घातली. त्यांचं टक्कल मी पहिल्यांदाच बघितलं. मग त्यांनी माझी सायकल हातात घेतली आणि टांग टाकली.

मी दांडीवरून पाय टाकला. सर माझ्याएवढेच बुटके, त्यामुळे सीट बरोबर बसली. पायडल मारलं आणि ते फिरलं. साधं फिरलं, घरातल्या शिलाई मशिनसारखं. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. पाय भराभर जात होते, सायकल हळूहळू जात होती आणि दम शाबूत होता. मला उभं राहावं लागलं नाही. मी आजूबाजूला बघू शकत होते, आणि इतक्या रविवारांत पहिल्यांदा मला दिसलं की तिथून भिंगारची घरं दिसतात. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला रडू आलं ते रागाने. इतकं सोपं होतं? आणि मी मलम चोळत बसले होते?

सर पुढे होते. पुढे जायचा मान त्यांचा, बाकीचे सगळे आमच्या मागे. कडुलिंबाच्या अलीकडे माझी सायकल रस्त्यावर डावी-उजवीकडे जायला लागलेली दिसली. ते पायडलवर उभे होते, मान खाली, आणि मागच्या बाजूने त्यांच्या पोटऱ्या काठीसारख्या दिसत होत्या. मग त्यांचा पाय जमिनीला लागला.

मी शेजारून गेले. त्यांनी तोंड बाजूला वळवलेलं होतं. नियम होता, बघायचं नाही, म्हणून मी बघितलं नाही आणि थांबलेही नाही.

महालापाशी पोचले तेव्हा माझा पाय एकदाही खाली लागलेला नव्हता. वर सकाळचे फिरायला आलेले दोघं-चौघं होते, त्यांना काय माहीत. वारा होता. मी सायकल भिंतीला लावली, तोंड पुसलं आणि मंडळींची वाट बघत उभी राहिले. घंट्या वाजवायला माणसं वर यायला पाहिजेत ना. कोणी येईना. शेठ तरी आतापर्यंत यायला हवे होते. बराच वेळ झाला तसं मी कठड्यापाशी जाऊन खाली वाकले.

खालच्या वळणावर सर माझी सायकल हातात धरून चालत होते. त्यांच्या एका बाजूला शेठ चालत होते, स्वतःची सायकल हातात धरून. कोणीतरी सरांना पाण्याची बाटली देत होतं. आणि मागे सगळेच्या सगळे, तरणी पोरंसुद्धा, सायकलींवरून उतरून, सरांच्या चालीने सावकाश पायी येत होते. एकही जण सायकलवर नव्हता. मी त्या कडुलिंबापाशी इतक्या वेळा उतरले, पण माझ्यासाठी कधी कोणी खाली उतरलं नव्हतं.